लेपा आणि काला अंब

आमच्या देवबागला कर्लीच्या खाडीत लेपा मिळतो. वीतभर लांब, पानासारखा चपटा मासा. कातडी सोलून, रव्यात घोळवून तळला की शेवटच्या तुकडीवरून घरात भांडणे होतात. सुट्टीत आजोबा ओहोटीला पाग टाकायला जातात, तेव्हा मी बरोबर असतो. लेपा समोर असूनही दिसत नाही. पायाला लागून सळकन निसटतो, तेव्हा कळते.

अंड्यातून बाहेर आल्यावर तो इतर माशांसारखाच उभा पोहतो. दोन बाजूंना दोन डोळे. वाढताना एक डोळा दुसऱ्या बाजूला सरकतो आणि लेपा कुशीवर होऊन तळाशी राहू लागतो. त्याची वरची बाजू चिखलाच्या रंगाची असते, खालची पांढरट.

फील्डक्राफ्टच्या तासाला 'वस्तू का दिसते' हा धडा झाला. आकार, सावली, चमक, हालचाल. लेप्याला हे सगळे आधीच ठाऊक आहे. तळाला चिकटलेल्या अंगाची सावली पडत नाही, अंगावर वाळू घेऊन तो आकार झाकतो आणि हलत नाही. कॅम्पमध्ये मीही तसाच पडून राहतो, म्हणून मित्र मला 'लेपा' म्हणतात. मला ते आवडते. चारचौघांत पुढे येऊन बोलणे मला जड जाते.

या जानेवारीत सहलीला आम्ही पानिपतजवळचा काला अंब पाहिला. रक्ताने काळ्या पडलेल्या आंब्याची आख्यायिका तिथे सांगतात. आता ते झाड नाही, विटांचा स्तंभ आहे. भोवती सपाट मुलूख. सवयीने मी लपायला जागा शोधली, ती सापडली नाही. सह्याद्रीत गनिमी काव्याने लढलेले मराठे १४ जानेवारी १७६१ रोजी या मैदानात उघड्यावर लढले. रसद तुटलेली, माणसे उपाशी. सोबत जड तोफा होत्या, बायकामुले आणि यात्रेकरूही होते. त्यांना सोडून लपणार कसे?

लेप्याला फक्त स्वतःला वाचवायचे असते. लपणे म्हणजे भित्रेपणा, असे मला अजूनही वाटत नाही. सैनिकाला ते यायलाच हवे. पण या सत्रात मी सेक्शन कमांडर आहे. नऊ मुले माझ्या हुकमाची वाट पाहतात.

परतताना बसमध्ये हजेरी माझ्याकडे होती. मी उभा राहून घेतली, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.