कांकण आणि आरसा

हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण जॉन कॅल्व्हिनच्या कानावर पडली असती तर त्याने ती आनंदाने आपल्या ग्रंथात घेतली असती असे वाटते. ‘इन्स्टिट्यूट्स’च्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत, पवित्र शास्त्र देवाचे आहे हे कळायचे कसे, या प्रश्नाला त्याचे उत्तर जवळजवळ हेच आहे. उजेड आणि अंधार, पांढरे आणि काळे, गोड आणि कडू यांतला फरक कळायला जसा साक्षीदार लागत नाही, तसेच हे. मंडळीने मान्यता दिली म्हणून शास्त्र प्रमाण होत नाही. ते स्वतःच आपली ओळख देते आणि वाचणाऱ्याच्या अंतःकरणात पवित्र आत्मा त्या ओळखीवर शिक्का उमटवतो. कॅल्व्हिनने यासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाला मीमांसकांचा ‘स्वतःप्रामाण्य’ हा शब्द फार जवळचा आहे. पण मीमांसकांच्या वेदाला कर्ताच नाही, म्हणून त्यात दोष शिरायला वाट नाही. कॅल्व्हिनचा सगळा भार उलट कर्त्यावर. बोलणारा कोण हे कळले की बोललेले पटते, आणि बोलणारा कोण हे त्या बोलण्यातच कळते. हे वर्तुळ आहे खरे; पण दाराबाहेरून आलेला आईचा आवाज ओळखणारे मूल याच वर्तुळात असते, आणि ते चुकते आहे असे आपण म्हणत नाही.

अडते ते ऑगस्टीनपाशी. कृपा, पाप, देवाने केलेली निवड यांविषयी बोलण्याची भाषा रिफॉर्म्ड परंपरेने बहुतांशी त्याच्याकडून घेतली. आणि तोच चौथ्या शतकाच्या अखेरीस, मानीच्या अनुयायांशी वाद घालताना, लिहितो की मंडळीच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर शुभवर्तमानावर माझा विश्वास बसला नसता. कॅल्व्हिन हे वाक्य टाळत नाही. तो म्हणतो, इथे ऑगस्टीन विश्वासाबाहेर उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलतो आहे; अशा माणसाला मंडळीची साक्ष दारापर्यंत आणते, पण विश्वासाचा पाया ती होत नाही. पुढे सतराव्या शतकात जिनिव्हाच्या फ्रान्सिस टुरेटिनने क्रियापदाचा काळच तपासला. रूप वर्तमानाला लागू पडणारे दिसले तरी अर्थ भूतकाळाचा घ्यायचा, आफ्रिकेतल्या लॅटिनची ती लकब आहे, असे त्याचे म्हणणे. मराठीत ‘मी आज विश्वास ठेवत नसतो’ आणि ‘तेव्हा मी विश्वास ठेवला नसता’ यांत जेवढे अंतर, तेवढेच हे. वादाचा संदर्भ पाहता कॅल्व्हिनचे उत्तर मला योग्य वाटते. तरी एवढी मोठी शिकवण एका क्रियापदाच्या काळाशी येऊन थांबावी, याने मन अस्वस्थ होते.

म्हणून पुन्हा म्हणीकडे यावेसे वाटते. ती नेमके काय सांगते? हातात कांकण आहे हे पाहायला आरसा नको, एवढेच. ते सोन्याचे की मुलाम्याचे, हे ती सांगत नाही. त्याला कसोटीचा दगड लागतो, आणि दगडावरची रेघ वाचणारा सराफ. मंडळी ही सराफ आहे, असे रिफॉर्म्ड विचारवंत उत्तर देतील, आणि ते बळकट उत्तर आहे. सराफ सोने ओळखतो, सोने घडवत नाही. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने आपल्या पत्रात नव्या कराराची सत्तावीस पुस्तके मोजली, तेव्हा त्याने ती प्रमाण केली नाहीत, प्रमाण असलेली ओळखली. पण म्हण आणखी एका गोष्टीविषयी गप्प आहे. कांकण हातात आले कुठून? ते घेऊन कोणी जन्माला येत नाही. कुणीतरी ते हातात चढवते, आणि चढवताना हात धरावा लागतो. ऑगस्टीन त्या धरलेल्या हाताविषयी बोलत असेल, तर ते केवळ भूतकाळातले कसे म्हणायचे?

इब्री लोकांस पत्राचेच पाहा. कार्थेजच्या ३९७ च्या यादीत पौलाची तेरा पत्रे आणि मग त्याचेच इब्री लोकांस एक, अशी मोजणी आहे. चौदा म्हणता आले असते. तेरा आणि एक म्हटले, या फटीतच जुनी शंका दिसते. पश्चिमेकडच्या मंडळीत हे पत्र स्थिरावले त्यात पौलाच्या नावाचा वाटा मोठा होता. कॅल्व्हिन मात्र १५४९ च्या भाष्यात स्पष्ट लिहितो की हे पौलाचे नव्हे, शैली आणि शिकवण्याची रीत निराळी आहे; तरी पत्र प्रेषितांच्या परंपरेतले म्हणून तो निःशंकपणे स्वीकारतो. बारा वर्षांनी, १५६१ मध्ये, गी द ब्रे याच्या बेल्जिक विश्वासघोषणेचे चौथे कलम पौलाची पत्रे सरळ चौदा मोजते, आणि पाचवे कलम आत्म्याच्या साक्षीचा आधार देते. आत्मा पत्रातल्या सत्याची साक्ष देतो, लेखकाच्या नावाची नव्हे, असे यावर म्हणता येईल, आणि मला ते मान्य आहे. पण मग इतिहास दोन्हीकडे झुकतो. शिक्का चुकीचा असूनही मंडळीने सोने ओळखले, म्हणजे कॅल्व्हिन बरोबर. किंवा शिक्का होता म्हणूनच दागिना जपला गेला, म्हणजे ऑगस्टीन बरोबर. पुरावा तोच आहे, आणि मी जितक्यांदा तो चाळतो तितक्यांदा तो दुसऱ्या बाजूला कलतो.

त्याच पाचव्या कलमात म्हटले आहे की शास्त्रात आधी सांगितलेले घडून येते हे आंधळ्यालाही जाणवते. इथे म्हण मला अनपेक्षितपणे पुन्हा भेटते. आंधळीला आपले कांकण स्पर्शाने कळते, किणकिणीने कळते. आरसा तिच्या कामाचाच नाही. मग ओळख पाहण्यातून नव्हे तर अंगावर वागवण्यातून येत असेल का? पण याकोबाच्या पत्रात वचनच आरसा होते: ऐकून विसरणारा माणूस म्हणजे आरशात तोंड पाहून निघून गेलेला. आणि याकोबाचे हे पत्र युसेबियसने वादग्रस्त पुस्तकांत मोजले होते. आरशालाच साक्षीदार शोधावे लागले. कॅल्व्हिनने स्वतः शास्त्राला चष्म्याची उपमा दिली आहे: म्हाताऱ्या, अधू डोळ्यांना जे पुसट दिसते ते त्यातून स्वच्छ दिसते. ही उपमा मला कांकणापेक्षा खरी वाटते, आणि जास्त अवघडही. पहिल्या चार शतकांतल्या याद्या, शंका, हस्तलिखिते तपासायची म्हणजे चष्मा काढून हातात घ्यायचा, काच पुसायची, दांडीवर कुणाची खूण आहे का ते पाहायचे. ते करायलाच हवे. न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तेवढा वेळ तो डोळ्यांवर नसतो, आणि खूण बारीक अक्षरांत असते.