पेटीतल्या दोन वाट्या

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले, त्या निमित्ताने मार्च २०१९ मध्ये दहावीची परीक्षा दिलेले आम्ही अकरा जण बऱ्याच काळाने एकत्र बसलो. कोणाला पहाटेची वंदना आठवली, कोणाला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर केलेली पाणीवाटपाची सेवा, तर कोणाला भोजनगृहातील रविवारची उसळ. बोलता बोलता सर्वांचे बोलणे एकाच वस्तूवर येऊन थांबले. ती वस्तू म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलाखालची, कडी मोडलेली पत्र्याची पेटी. तिच्याविषयी लिहायचे ठरले. हा लेख आम्हा सर्वांचा आहे, म्हणून 'आम्ही' या शब्दानेच लिहितो. ज्याच्याविषयी यात मुख्यतः लिहिले आहे तो मित्रही आमच्यात आहे. त्याने मसुदा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि छापण्यास संमती दिली. त्याचे नाव मात्र आम्ही देत नाही.

आम्ही वसतिगृहात आलो ते निरनिराळ्या जिल्ह्यांतून. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी विज्ञानाचे एकच पुस्तक असे, तेही थोरल्या भावंडाचे जुने. शाळेची प्रयोगशाळाही श्रीमंत नव्हती. एक सूक्ष्मदर्शक होता, त्याच्या आरशाला तडा गेलेला होता. परंतु जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी या उणिवेची तक्रार केल्याचे आम्हांला आठवत नाही. त्या म्हणत, "जे पाहिजे ते स्वयंपाकघरात आहे, नाहीतर खाडीवर आहे." ही पेटी त्यांनी वर्षानुवर्षे भरत आणली होती.

पेटीत काय होते? नरसाळे आणि रबरी नळी जोडून केलेला स्टेथोस्कोप. श्वसन दाखवण्यासाठी कापलेली प्लास्टिकची बाटली आणि तिच्या आतबाहेर बसवलेले फुगे. पेशीविभाजनासाठी दोन रंगांच्या लोकरीचे तुकडे. हे तुकडे पाटीवर मांडून पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था आम्ही हातांनी घडवत असू. कांद्याचा पापुद्रा आणि आयोडीन तर दरवर्षीचेच. नावे न दिलेल्या आकृत्यांच्या झेरॉक्स प्रतींचा एक गठ्ठा होता. त्यावर आपण नावे लिहायची, मग पुस्तक उघडून पडताळायचे. मेलेल्या प्राण्याचे विच्छेदन बाईंनी कधी करवले नाही. पहिले शील रोज सकाळी म्हणणाऱ्या मुलांना नाडी मोजूनही हृदय शिकवता येते, असे त्यांचे मत होते. आम्ही जिने चढत असू, उतरत असू, नाडीचे ठोके मोजत असू आणि आलेख काढत असू.

मुलुंडचे भाग्य असे की पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि पूर्वेला मिठागरे व ठाण्याची खाडी. प्राण्यांचे वर्गीकरण आम्ही खाडीच्या कडेला शिकलो. चिखलावर उड्या मारणारी निवटी मासा कशी, हा वाद आम्ही तिथेच घातला. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे पाहिल्यावर त्यांची व्याख्या पाठ करावी लागली नाही. हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी दुरून मोजताना आमची संख्या कधी जुळली नाही. बाई म्हणत, "न जुळलेला आकडाही वहीत लिहायचा." कान्हेरीच्या सहलीत लेण्यांसोबत तेथील पाण्याच्या पोढ्याही आम्ही पाहिल्या. डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंनी पावसाचे पाणी कसे साठवले, हा इतिहासाचा आणि विज्ञानाचा एकच धडा झाला.

आता जे लिहावयाचे ते आम्हांला भूषणावह नाही.

आमचा हा मित्र चंद्रपूर जिल्ह्यातून आठवीत दाखल झाला. थंडी पडली की त्याचे गुडघे आणि बोटे दुखत. मैदानावर दोन फेऱ्या मारल्या की तो बसून जाई. श्रमदानाच्या दिवशी हमखास त्याचे अंग गरम असे. आम्ही त्याचे नाव 'रजावाला' ठेवले. त्याच्या वाटचे झाडणे आमच्यावर येई, म्हणून राग होता. एका रात्री तो पांघरुणात कण्हत असता आमच्यातील दोघांनी त्याची नक्कल केली आणि बाकीचे हसलो. त्याने मोठ्यांकडे तक्रार केली नाही. सकाळी तो आमच्याच रांगेत वंदनेला बसला होता.

जानेवारी २०१८ मध्ये नववीच्या नव्या पुस्तकातील आनुवंशिकता व परिवर्तन हे प्रकरण सुरू झाले. त्यात सिकलसेल या आजाराचा भाग आहे. बाईंनी पेटीतून नरसाळे काढले आणि भोजनगृहातून मोहरी व लवंगा मागवल्या. मोहरी नरसाळ्यातून सरसर खाली गेली. लवंगा ओतल्या तशा त्या एकमेकींत अडकल्या आणि वाट बंद झाली. बाईंनी सांगितले, निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते, बारीक केशवाहिनीतूनही निघून जाते. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, अडकते. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे असह्य दुखते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त कमी पडते आणि डोळे पिवळसर दिसतात. मग त्यांनी लक्षणे फळ्यावर लिहिली: सांधेदुखी, हातापायांना सूज, बारीक ताप, लवकर येणारा थकवा.

चौथे लक्षण लिहून होईपर्यंत वर्ग शांत झाला होता. आमच्यापैकी एकेकाची मान शेवटच्या बाकाकडे वळली. मित्र उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हे माझंच लिहिलंय का?"

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "पुस्तकावरून रोग ठरवायचा नसतो बाळा, तपासणीवरून ठरवायचा असतो. आपण तपासणी करू." दुसऱ्या दिवशी अधीक्षक सर आणि बाई त्याला पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेले. आधी विद्राव्यता चाचणी झाली, ती सिकलसेल आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे ठरवणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी त्यानंतर झाली. अहवाल एसएस असा आला. तो रजेसाठी कण्हत नव्हता.

एप्रिलमध्ये त्याचे आईवडील आले. गावाकडे त्यांची तपासणी झाली होती आणि दोघेही एएस, म्हणजे वाहक निघाले होते. वाहकाला सहसा काही त्रास जाणवत नाही, म्हणून दोघांनाही आयुष्यभर याचा पत्ता नव्हता. आई मात्र आल्यापासून खाली मान घालून बसली होती. तिच्या माहेरी एक भाऊ लहानपणीच असाच दुखण्याने गेला होता, आणि सासरच्या माणसांनी त्यावरून तिलाच बोल लावला होता.

बाईंनी आम्हांला पेटी आणावयास सांगितले. तिच्यात दोन स्टीलच्या वाट्या आणि शर्टाच्या गुंड्या होत्या. आधी या खेळासाठी राजमा आणि चवळी वापरत, पण आमच्यातील एकाने बोटांनी चाचपून हवा तो दाणा काढण्याचे कसब मिळवले, तेव्हा एकाच मापाच्या गुंड्या आणाव्या लागल्या. प्रत्येक वाटीत दहा पांढऱ्या, दहा तांबड्या. एक वाटी वडिलांची, एक आईची. डोळे मिटून प्रत्येकीतून एक गुंडी काढायची, जोडी लिहायची, गुंड्या परत टाकायच्या. वर्गात आम्ही शंभर शंभर वेळा हे केले होते. दोन्ही तांबड्या गुंड्या शंभरात पंचवीसच्या आसपास येत. कधी एकवीस, कधी एकोणतीस, नेमक्या पंचवीस क्वचितच.

बाईंनी वाट्या त्या दोघांपुढे ठेवल्या. आईने एक गुंडी काढली, वडिलांनी एक. दोन्ही पांढऱ्या. पुन्हा काढल्या, एक पांढरी, एक तांबडी. पाचव्या खेपेस दोघांच्याही तळहातांवर तांबडी गुंडी आली. आई बराच वेळ वडिलांच्या तळहाताकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे एकट्या माह्याच रक्तात खोट नाई?"

"नाही ताई," बाई म्हणाल्या. "दोघांकडून एकेक आली तेव्हाच हे झालं. आणि खोट म्हणू नका. कोणी काही चुकीचं केलेलं नाही."

वडिलांनी तोवर एक शब्द काढला नव्हता. ते म्हणाले, "लहान पोरीची बी तपासनी करून घेतो." तिची तपासणी पुढे झाली. ती वाहक आहे.

आमच्यातील एकाने त्याच दिवशी विचारले होते की हा आपल्याच समाजाचा रोग आहे काय. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत तो अधिक आढळतो, हे त्याने कुठेतरी वाचले होते. बाईंनी प्रश्न टाळला नाही. जगाचा नकाशा काढून त्यांनी आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, अरबस्तान आणि मध्य भारत दाखवला. जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे वाहक माणसे अधिक तगली, म्हणून हे जनुक तिथे टिकले. रोगाने जात पाहिली नाही. माणसांना एकाच भागात, एकाच जातीत लग्ने करावयास ज्या व्यवस्थेने लावले, तिने मात्र जनुकाला बाहेर पडण्याची वाट ठेवली नाही. जात म्हणजे रक्ताची शुद्धता, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला, याची त्यांनी आठवण दिली. मग १९५२ ची गोष्ट सांगितली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधला, तो आज जगभर 'बॉम्बे' या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या चाचणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण त्या व्यक्तीला ओ गटाचेही रक्त चालत नाही. तसेच रक्त असलेला दाता लागतो. असा दाता शोधताना कोणी त्याची जात विचारत नाही, असे बाई म्हणाल्या.

आजारी, दुर्लक्षित भिक्खूची तथागतांनी आनंदासह स्वतः शुश्रूषा केली, ही कथा आम्ही वसतिगृहात अनेकदा ऐकली होती. त्या रात्री ती कोणी सांगितली नाही, सांगण्याची गरजही नव्हती. नक्कल करणारे दोघे आणि हसणारे आम्ही सारे मित्राच्या खाटेपाशी गेलो आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, "मला तरी कुठं माहीत होतं?" ते वाक्य आम्हांला हलके वाटावे म्हणून तो बोलला, हे आम्हांला आज समजते.

दहावीचे वर्ष कठीण गेले. पाठ्यपुस्तक त्याच वर्षी बदललेले. जुन्या प्रश्नपत्रिकांचा फारसा उपयोग नव्हता. मित्र दोनदा रुग्णालयात राहिला. तेव्हा आम्ही 'फिरती वही' सुरू केली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, मध्ये दुमडलेला कागद. प्रत्येकाने रोज पाच प्रश्न घालायचे. उत्तर आधी आठवून लिहायचे, मगच कागद उघडायचा. चुकलेला प्रश्न तिसऱ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. वही दर रविवारी त्याच्याकडे जाई आणि त्याच्या प्रश्नांसह परत येई. नुसते वाचत राहण्यापेक्षा विसरलेले आठवण्याची धडपड अधिक उपयोगी पडते, हे आम्हांला या वहीने शिकवले. विज्ञान भाग २ मधील दहाही प्रकरणे तिच्यात आली. वही त्याच्यासाठी सुरू केली होती, तरी परीक्षेत आम्ही तिच्याच आधारावर उभे राहिलो.

वसतिगृहानेही आपले नियम वाकवले. त्याच्या बाकावर पाण्याची बाटली आली, हिवाळ्यात अंघोळीला गरम पाणी मिळू लागले, पहाटेच्या कवायतीतून त्याला सूट मिळाली. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे बाईंनी शोधून काढले आणि त्याच्या सवलतीचे कागद वेळेत पुरे केले. तो परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला.

या स्मरणिकेच्या वाचकांना आमची दोन मागणी आहेत. पहिली अशी की, आपल्या घरातील मुलामुलींची सिकलसेल तपासणी, विशेषतः विवाहापूर्वी, करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती होते, आणि जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही चालू आहे. वाहक असणे हा दोष नव्हे. दोघेही वाहक असतील तर ते आधी ठाऊक असावे, एवढेच. दुसरी मागणी पेटीची आहे. बाई निवृत्त झाल्या, पेटी अजून टेबलाखाली आहे. गेल्या भेटीत आम्ही ती उघडली तेव्हा नळी फाटलेली होती आणि गुंड्या निम्म्याच उरल्या होत्या. आम्ही नवी नळी, नवे फुगे, लोकर आणि चाळीस गुंड्या भरून आलो. पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा पाहावे.

फिरती वही मित्राने स्वतःकडे ठेवली आहे. पेटीत ठेवण्यासाठी आम्ही ती मागितली, तेव्हा तो म्हणाला, "झेरॉक्स देतो."

जय भीम. नमो बुद्धाय.