पुनर्वसनाचा अखेरचा टप्पा : तारकर्ली

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या किंवा मणक्याला गंभीर इजा झालेल्या माणसाचा जीव वाचल्यानंतर त्याला उरलेल्या शक्तीनिशी पुन्हा घरात, कामावर आणि गावात वावरता यावे, यासाठी जे उपचार केले जातात त्यांना पुनर्वसनवैद्यक म्हणतात, आणि महाराष्ट्रात ही शाखा प्रारंभापासून महानगरांतच वाढली आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना निघाले. १९५५ मध्ये मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. आणि कमरेखालची हालचाल गमावलेल्या सैनिकांसाठी १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. या संस्थांचे काम मोठे आहे; मात्र तेथून बाहेर पडणारा रुग्ण कोठे परत जातो, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे.

मालवण तालुक्यातील तारकर्ली हे गाव कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर वसलेले असून मासेमारी, माडबागायती आणि अलीकडे पर्यटन यांवर ते जगते. येथील एखादा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, उंचावरून पडला आणि त्याच्या मज्जारज्जूला, म्हणजे मेंदूचे आदेश हातापायांपर्यंत नेणाऱ्या चेतातंतूंच्या जुडीला, इजा झाली, तर त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून बहुधा गोव्यातील बांबोळीला नेले जाते. तेथे मणका स्थिर केला जातो. परंतु खरी दीर्घ लढाई त्यानंतरची असते. संवेदना नसलेल्या त्वचेवर सतत दाब पडून शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या जखमा, चिघळतात आणि मूत्राशय आपोआप रिकामे न झाल्याने संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम काटेकोरपणे पाळायला लावला आणि पूर्वी अल्पावधीत दगावणारे रुग्ण वर्षानुवर्षे जगू शकतात हे दाखवून दिले. म्हणजे येथे यंत्रापेक्षा शिकवलेले हात अधिक मोलाचे ठरतात.

हे शिक्षण घेण्यासाठी मुंबई गाठायची, तर मालवणी कुटुंबाला आधार असतो तो लालबाग-परळच्या चाकरमानी नातलगाच्या खोलीचा. तेथे काही आठवडे निभावतात, महिने निभावत नाहीत. खासगी शुश्रूषा केंद्राचे मासिक शुल्क किंवा ब्युरोतून येणाऱ्या मावशीचा रोजचा पगार मच्छीमार कुटुंबाला परवडणारा नसतो. त्यामुळे पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग ज्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच काळात अनेकांचे उपचार खंडित होतात.

शिवाय महानगरात गुळगुळीत फरशीवर चाकाची खुर्ची चालवायला शिकलेला रुग्ण तारकर्लीला येतो, तेव्हा खुर्चीची लहान पुढची चाके वाळूत रुततात, चिऱ्याच्या पायऱ्या आणि उंबरठा त्याला अडवतात, आणि न्हाणी घराबाहेर असल्याने अंघोळीसाठीही त्याला उचलून न्यावे लागते. दैनंदिन कामे स्वतः करता यावीत म्हणून शरीराला आणि परिसराला जुळवून घेण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. तो रुग्णाचे अंगण न पाहता पूर्ण होऊच शकत नाही. रुंद पायाची चाके, वाळूवर टाकलेली चिऱ्यांची वाट, न्हाणीत भिंतीला पक्का बसवलेला दांडा, एवढ्याने पुष्कळ साधते, आणि ही कामे गावचा गवंडी व सुतारच करू शकतात.

रोजगाराचे उदाहरण तर जिल्ह्यातच आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात स्थापन केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेने सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ हा काजूप्रक्रियेचा प्रकल्प उभारून दिव्यांगांना काम दिले. पाण्याचे सामर्थ्यही विसरता येत नाही : १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ज्या तारकर्लीत पर्यटकांना समुद्रतळाशी नेण्याचे प्रशिक्षण दिले जाते, तेथे स्थानिक दिव्यांगांसाठी जलोपचार अशक्य नाही.

सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे खाटांसह स्वतंत्र पुनर्वसन विभाग, कॅलिपर व कृत्रिम पाय दुरुस्त करणारी कार्यशाळा आणि घरोघरी जाणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ यांची तरतूद मुंबईत आणखी एक केंद्र काढण्याआधी व्हायला हवी. दिव्यांगांना आरोग्यसेवा, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मिळावी, ही जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकलेलीच आहे.