चुन्याखाली गेलेली चित्रं

मुलांनो, लोणावळ्याची चिक्की तुम्ही खाल्ली असेल, कार्ल्याच्या एकवीरा आईचं दर्शनही घेतलं असेल. पण मावळातलं बेडसे पाहिलंत का? नाही? मग ऐका तर!

लोकलनं कामशेतला उतरायचं, पवनानगरच्या रस्त्याला लागायचं आणि बेडसे गावाजवळच्या पायऱ्या चढायच्या. चांगल्या चारेकशे आहेत, बरं का! शक्यतो सकाळीच जा. लेण्याचं तोंड पूर्वेला असल्यानं तेव्हा कोवळं ऊन मिळतं.

दर्शनी भागातल्या उंच खांबांवर मान वर करून पाहा. घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसं! आत अष्टकोनी खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे सगळं छिन्नी-हातोड्यानं कोरलं.

आता खांबांकडे नीट बघा. काय दिसतं? नुसता दगड. पण एके काळी इथे गिलाव्यावर रंगवलेली चित्रं होती. मग ती गेली कुठे? ऊन-पावसानं नाही गेली. एकोणिसाव्या शतकात, मोठे साहेब लेणी पाहायला यायचे म्हणून त्यांना खूश करण्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांनी इथे साफसफाई आणि रंगरंगोटी करवली. लेणं झालं चकाचक, पण चित्रांचा उरलासुरला गिलावा कायमचा गेला!

तिकडे तुर्कस्तानात इस्तंबूल शहरात आयासोफिया नावाची प्रचंड इमारत आहे. सन ५३७ मध्ये ती चर्च म्हणून बांधून झाली, पुढे तिची मशीद झाली. तिथल्या भिंतींवरची रंगीत तुकड्यांची चित्रंही गिलाव्याखाली झाकली गेली. पण गंमत म्हणजे त्यातली बरीच आत शाबूत राहिली! १९३१ पासून जाणकारांनी हळूहळू गिलावा काढून ती पुन्हा उजेडात आणली. बेडश्याच्या नशिबी मात्र ते नव्हतं.

म्हणून जे उरलंय ते जपायला हवं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आजही जुन्या काळच्या लाकडी कमानी आहेत. तो चैत्य सुमारे ४५ मीटर लांब आहे. जवळच भाजे आहे, तिथेही अशा कमानी दिसतात. हे लाकूड जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलंय!

तेव्हा सुट्टीत आई-बाबांना घेऊन जरूर जा. वही न्या, चित्रं काढा. पण आपलं नाव मात्र वहीतच लिहा, भिंतीवर नको. आणि कुणी खडू किंवा खिळा काढलाच, तर त्याला बेडश्याची ही गोष्ट सांगा. सांगाल ना?