खडीचे कोन

बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर मे महिन्याच्या अखेरीस मी रुळाआधी खडी बघत जायचो. स्लीपरच्या टोकाशी पांढुरकी भुकटी दिसली, की तो स्लीपर गाडीखाली वरखाली होतोय हे कळायचं. पावसाळ्यात तीच भुकटी राखाडी चिखल होऊन वर येते.

खडी फुटते म्हणजे दगडाचे दोन तुकडे होतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. १:३७ चा चढ, भरलेल्या वाघिणीच्या एकेका आसावर वीस टनांहून जास्त वजन, दगड दुभंगणारच. पण डीप स्क्रीनिंगच्या, म्हणजे खडी उपसून चाळण्याच्या, वेळी चाळणीवर पाहिलं, तर चिरलेले दगड थोडेच होते. बाकीचे शाबूत, फक्त कोन झडलेले. खाली साचला होता तो सगळा कच त्या कोनांचा.

भार खडीत सारखा पसरत नाही. तो दगडावरून दगडावर, साखळी धरून उतरतो. शेजारचे कित्येक दगड जवळपास मोकळेच असतात. साखळीतले दगड एकमेकांना टेकतात तेही जेमतेम टोकाशी. चहूबाजूंनी शेजारी असलेला दगड सगळीकडून आवळला जातो आणि तगतो. वरून एक, खालून एक असा दोघांतच सापडलेला मात्र मधून ताणला जातो. आपला काळा बेसॉल्ट दाब भरपूर सोसतो, ताण नाही. म्हणून तर आपल्याकडे ६५ पासून २० मिलिमीटरपर्यंतची मिसळ खडी घेतात, म्हणजे मोठ्यांच्या फटीत लहान बसतात आणि प्रत्येकाला शेजारी जास्त मिळतात.

नदीतला गोटा घातला तर कोन झडायचा प्रश्नच नाही, पण तो रूळ धरणार कसा? जो कोन शेजारच्या दगडात अडकून रूळ जागेवर ठेवतो, तोच आधी मोडतो. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

एका वळणावर लेव्हल टिकेना. मी पुन्हापुन्हा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, टॅम्पिंग करून घेतलं. मशीनचे दात थरथरत खडीत घुसतात, स्लीपरखाली ती दाबतात आणि दर वेळी थोडे कोन मोडतात. शेवटी गँगचे मुकादम म्हणाले, "साहेब, मशीन राहू द्या. खडी हातात घेऊन बघा." गुळगुळीत होती. खरं दुखणं खांद्याचं होतं. खांदा म्हणजे स्लीपरच्या टोकापलीकडची खडी; ती उताराने ओघळून गेली होती. बाजूचा आधार सुटला, की दगड एकमेकांवरून सरकतात आणि कोन खरवडले जातात. ऑस्ट्रेलियात बुद्धिमा इंद्ररत्न आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हेच मोजलंय: बाजूचा दाब फार कमी असला तरी खडी जास्त मोडते, फार वाढला तरीही, मधल्या पट्ट्यात सर्वांत कमी. मुकादमांनी हे वाचलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं गँगला एवढंच बजावायचे, "खांदा भरा."

तिथली खडी चाळली, नवी टाकली, खांदा भरला. काम संपल्यावर मुकादम चपला काढून त्या खडीवर चार पावलं चालले. टोचली, तेव्हा त्यांनी मान डोलावली.