गोंदियांत जेवावें कोठें?

गोंदियास येणाऱ्या आप्तांकडून हल्लीं आम्हांस एकच प्रश्न येतो, "गांवांत खाण्यापिण्याचें चांगलें कोठें मिळतें?" पूर्वीं असा प्रश्न यजमानास विचारणें म्हणजे त्याच्या घरची चूल विझली असें तोंडावर सांगणेंच होतें. आतां काळ निराळा आहे. मुलें पुण्यास, सुना नोकरीवर, आणि जिच्या हातीं घरची पळी आहे तिचे गुडघे संधिवातानें धरलेले. तेव्हां प्रश्नाचा राग न मानतां त्याचें उत्तर देणेंच बरें.

प्रथम हें गांव कसलें, तें सांगितलें पाहिजे. पुण्यास पेठा आहेत, नाशकास घाट आहेत. गोंदियास जंक्शन आहे. १८८० नंतरच्या दशकांत नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग इकडून गेला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें तो आपल्याकडे घेऊन पुढें वाढविला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं जबलपुराकडे जाणारी अडीच फुटी छोटी गाडी येथून निघूं लागली. रुळांमागून व्यापारी आले, धानाच्या गिरण्या आल्या, विडीचा धंदा आला. मारवाडी, गुजराती, सिंधी, छत्तीसगडी अशा साऱ्यांच्या जिभा येथें एकत्र झाल्या. त्यामुळें थालीपीठ नि साबुदाण्याचे वडे शोधीत बाजारांत हिंडणारा पुणेकर येथें निराश होतो. त्यानें सकाळीं नवाच्या आंत पोहे खावे. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, वर कांदा, आणि समोरच्या कढईंत फुगणारे आलुबोंडे. दुकानाचें नांव आम्ही सांगत नाहीं. कढईंतील तेल काळें आहे कीं पिवळें, आणि पाण्याच्या पिंपावर झांकण आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. पाटीपेक्षां पिंप अधिक खरें बोलतें.

परंतु बाहेरचें खावें कीं नाहीं, हा आमच्या घरचा खरा वाद. आणि तो पोह्यांचा नसून पाण्याचा आहे.

आमच्या आत्यास बालपणींच वैधव्य आलें. दरवर्षीं ती नर्मदास्नानासाठीं छोट्या गाडीनें जबलपुरास जाई. सारा दिवस खाणारा तो प्रवास. जवळ लाह्या, गूळ, आणि फिरकीचा तांब्या. स्वातंत्र्यापूर्वीं स्टेशनांवर हिंदूंचें पाणी निराळें व मुसलमानांचें निराळें मिळे. तें बंद होऊन कित्येक वर्षें लोटलीं तरी आत्याला स्टेशनावरचें कोणाचेंच पाणी चालत नसे. आम्ही दहा वर्षांचे असतां एका वैशाखांत तिच्यासोबत होतों. तांब्या वाटेंतच रिता झाला. नैनपुरास गाडी बराच वेळ थांबली. लोक नळावर जाऊन आले. आत्या उठली नाहीं. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळानें ती बाकावर कलंडली. डब्यांत एक गोंड बाई बसली होती. तिनें कोणास कांहीं न विचारतां आपल्या भोपळ्याच्या तुंब्यांतलें पाणी आत्याच्या तोंडांत घातलें, डोळ्यांना लावलें, आणि तुंबा पुन्हां मांडीवर घेऊन बसली.

घरीं आल्यावर प्रायश्चित्ताची गोष्ट निघाली. आत्या म्हणाली, "हा जीव त्या पाण्यानें राहिला. तें पाणी बाटलेलें, तर हा जीवही बाटलेलाच. मग प्रायश्चित्त कोण घेणार?" कोणास उत्तर सुचेना. आमच्या वडिलांनीं तेव्हां छांदोग्यांतील उषस्ति चाक्रायणाची कथा सांगितली. कुरुदेशांत पीक बुडालें असतां त्या ब्राह्मणानें एका हत्तीवाल्याचे उष्टे कुल्माष मागून खाल्ले. मात्र त्याचेंच उष्टें पाणी नाकारलें. कारण विचारतां त्यानें सांगितलें, कीं तें अन्न न खातें तर प्राण जाता, पाणी मात्र आपणांस दुसरीकडे मिळतें. वडील म्हणाले, नैनपुराच्या पुढें त्या डब्यांत दुसरीकडे पाणी नव्हतें.

पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहानें केवढें वादळ उठलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. टिळक व रानडे यांच्यासारख्यांची नांवें वर्तमानपत्रांत झळकलीं, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. एवढ्या विद्वानांनीं एका पेल्यावर जेवढी शाई खर्चिली तिच्या शतांशही बोलणें आमच्या आत्यानें केलें नाहीं. पुढल्या वर्षापासून ती नैनपुरास उतरून नळावर तांब्या भरूं लागली. जबलपूर-नैनपूर खंडावरील ती छोटी गाडी २०१५ सालीं थांबली. आतां तेथें रुंद रूळ आहेत.

मात्र उषस्तीस साक्षीला बोलावून कोणी डोसा खाऊं नये. आजचें आमचें बाहेर खाणें हा आपद्धर्म नव्हे. ती हौस आहे. आमच्या धाकट्या बंधूंना ती पसंत नाहीं. अन्न विकणें शास्त्रकारांना आवडत नव्हतें, हें त्यांचें म्हणणें खोटेंही नाहीं. पण यावर आमच्या कुटुंबानें एकदां स्वयंपाकघराच्या दारांतून निकाल दिला: "भाऊजी, चौतीस वर्षें दोन्ही वेळां मीच रांधतें आहें. मला बाहेरचें म्हणजे माझ्या हातचें नसलेलें. तेवढें आठवड्यांतून एकदां मिळालें कीं पुरे." तेव्हांपासून रविवारीं संध्याकाळीं आमची चूल बंद असते. बंधुराज त्या वेळीं दूध-लाह्या घेतात. कोणी त्यांस आग्रह करीत नाहीं.

आमची तक्रार निराळीच आहे. ज्या गांवास लोक धानाचें शहर म्हणतात, तेथें आम्ही जेथें जेथें बसलों, तेथें लांब दाण्याचा परप्रांतीय बासमती जिरें घालून पुढें आला. शेजारच्या बालाघाटाच्या चिन्नोर तांदुळास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या तांदुळाचा दाणा बारीक, भात मऊ, आणि वास असा, कीं झांकण काढतांच ओसरीवरच्या माणसास कळावें. हें सोडून आपल्या गिऱ्हाइकास पंजाबचा भात वाढणाऱ्या खाणावळीवाल्यास काय म्हणावें?

गांवाबाहेर जाणाऱ्यांसाठीं थोडें. नवेगांव-बांधचा तलाव कोहळी समाजाच्या कोलू पाटलानें बांधविला असें सांगतात. कोहळ्यांची तलाव बांधण्याची विद्या या प्रदेशांत प्रसिद्धच आहे. मासळी खाणारे तिकडे आपली सोय पाहतीलच. आमचें लक्ष शिंगाड्यांकडे. ढिवर मंडळी तळ्यांतून काढून उकडलेले, काळ्या सालीचे शिंगाडे कार्तिकाच्या सुमारास रस्त्यावर विकावयास बसतात. उपासास चालतात, सोलावयास वेळ लागतो, म्हणून लहान मुलेंही घटकाभर गप्प राहतात.

तेव्हां आप्तांना आमचें सांगणें असें: सकाळचे पोहे बाजारांत, चहा जेथें गर्दी असेल तेथें. आणि यावयाचेंच तर मार्गशीर्षांत या, नवा चिन्नोर तेव्हां घरांत असतो. मात्र दोन दिवस आधीं कळवा, व रविवारची संध्याकाळ टाळा.