नफ्यातली बोंडअळी

तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून मी एका निष्कर्षाला आलो आहे. आपला माणूस वेळप्रसंगी शेत सोडील, गाव सोडील, पण वहीत डाव्या बाजूला समास सोडणार नाही. (द्वंद्व आणि तत्पुरुष तर तो सोडवतच नाही, ते दुःख वेगळे.) अंबाजोगाईत मी आधी बापांना आणि पुढे त्यांच्या पोरांना समासावरून बोल बोल बोललो. उपयोग शून्य. निवृत्त झाल्यावर कळले, की हॉलंडातल्या एका गृहस्थाने या रोगावर औषध काढून ठेवले आहे. गुइदो व्हान रोसुम हे त्यांचे नाव. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी संगणकासाठी एक भाषा रचायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. या भाषेत ओळीचा समास चुकला, की संगणक कामच नाकारतो. असा एक मास्तर आमच्या शाळेला मिळाला असता तर!

भाषेचे नाव पायथॉन. ही सगळी विद्या मला भाच्याकडून मिळाली. इंजिनियरिंग शिकायला तो आमच्याकडे असतो. पायथॉन म्हणजे अजगर, एवढेच कानावर गेल्यावर आक्काने, म्हणजे त्याच्या आईने, फोनवर बजावले, "मामाच्या घरात असलं काही पाळायचं नाही." वास्तविक हे नाव अजगरावरून नाही, मॉन्टी पायथॉन नावाच्या विलायती विनोदी मंडळीवरून घेतलेले आहे. तेव्हा शेअरबाजारासाठी हीच भाषा योग्य, हे मला लगेच पटले.

भाच्याने या भाषेत शेअर निवडणारा प्रोग्राम लिहिला. नियम साधा. भाव पन्नास दिवसांच्या सरासरीवर चढला की घ्यायचा, खाली उतरला की विकायचा. मग जुने भाव घालून बघायचे, की मागच्या वर्षांत असे केले असते तर काय झाले असते. असे केले असते तर काय झाले असते, हा हिशेब माझ्या ओळखीतले निम्मे लोक रोज करतात. त्यांना संगणक लागत नाही, अर्धा कप चहा पुरतो.

पण इथे प्रश्न चहाचा नव्हता. माजलगाव तालुक्यात दाजींची थोडी काळी जमीन आहे. कापूस विकून त्यांनी दोन लाख बाजूला ठेवले होते, विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाइपलाइन टाकायला. भाच्याचा डोळा त्या दोन लाखांवर. "बाबा, एक वर्ष थांबा. दोन पाइपलाइनी टाकू."

आता प्रोग्राम म्हटला की त्यात किडे आलेच. बग म्हणतात त्यांना. १९४७ मध्ये हार्वर्डच्या एका संगणकात खराखुरा पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनसाहेब १८७८ सालीच तो वापरत होते. शेतकऱ्याला याचे काही नवल नाही. तो पिढ्यान् पिढ्या किडेच शोधतो आहे, फक्त त्याला कोणी इंजिनियर म्हणत नाही.

भाच्याचे पहिले किडे आरडाओरडा करणारे निघाले. महिंद्रा अँड महिंद्राचे बाजारातले नाव 'एम अँड एम'. मधले ते 'अँड'चे चिन्ह इंटरनेटच्या पत्त्यात दुसऱ्याच अर्थाने चालते. तिथे पत्ता तुटतो. प्रोग्राम बिचारा नुसता 'एम' कोण म्हणून विचारी आणि हात हलवत परत येई. दुसरा किडा आयशर मोटर्सचा. ऑगस्ट २०२० मध्ये या कंपनीने एका शेअरचे दहा केले. एकवीस-बावीस हजारांचा शेअर एका रात्रीत बावीसशेच्या आसपास आला. माणसे तीच, भाकरी तीच, फक्त चतकोर केले. पण प्रोग्रामला वाटले, कंपनी बुडाली. त्याने घाबरून सगळे विकून टाकले. असले किडे तोटा दाखवतात, म्हणून भाचा रात्र-रात्र जागून त्यांना शोधी. दोन्ही सापडले.

मग एके दिवशी प्रोग्रामने सांगितले, की पाच वर्षांत दोन लाखांचे एकेचाळीस लाख झाले असते. त्या रात्री भाचा गाढ झोपला. किडा शोधायचे कारणच उरले नाही!

रविवारी दाजी आले. पैसे आणले नव्हते, शंका आणली होती. भाच्याने पडद्यावरचा चढता आलेख दाखवला. दाजींनी तो आभाळाकडे बघावे तसा बघितला.

"ह्यो घ्यायचा भाव कधीचा?"

"सकाळी सव्वानऊचा. बाजार उघडला की."

"अन् घ्यायचा का न्हाई, ते कशावरनं ठरवायलास?"

"त्या दिवशीच्या बंद भावावरून."

"त्यो कधी कळतो?"

"साडेतीनला."

दाजींनी शांतपणे सुपारी कातरली. "म्हन्जी दुपारी कळल्यालं सकाळीच वापरायलास. असं जमत असतं तर आडतीवर मीबी कापूस उद्याच्याच भावानं इकला असता की!"

भाचा गप्प. मग त्याने भावांचा रकाना एक ओळ खाली सरकवला. आज घ्यायचे ते काल कळलेल्यावरच घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. 'शिफ्ट' नावाचा एक शब्द आणि कंसात एकचा आकडा. एकेचाळीस लाखांचे दोन लाख बारा हजार झाले. दलाली वजा जाता काय उरते, ते त्याने आम्हांला सांगितले नाही.

दाजी म्हणाले, "बोंडअळी हाय ही." गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आमच्या भागात कापसाची दैना केली होती, म्हणून उपमा माहितीतली. ही अळी बारीक असताना बोंडात शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टपोरे. शेतकरी समाधानाने बिडी ओढतो आणि आत जेवण चालू असते.

तेव्हापासून भाच्याने नफ्यातही अळ्या शोधायला सुरुवात केली. एक लगेच सापडली. २००८ च्या चाचणीला त्याने निफ्टीच्या पन्नास कंपन्यांची आजची यादी दिली होती. तेव्हा त्या यादीत सत्यम होती. ७ जानेवारी २००९ रोजी हिशेब फुगवल्याचे पत्र संस्थापकानेच लिहिले, शेअर कोसळला आणि त्याच महिन्यात नाव यादीतून गेले. आजच्या यादीत बुडालेले कोणी नाहीच, मग प्रोग्रामला ठेच लागणार कशी? आमच्याकडे स्नेहसंमेलनाला आलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे बघून शाळेचा निकाल शंभर टक्के ठरवतात, तशातला प्रकार. न आलेल्यांना मी चांगला ओळखतो.

पाइपलाइन टाकून झाली. वरच्या वावरात पाणी पोचले. भाचा अजून प्रोग्राम चालवतो, पण कागदावरच्या पैशांनी. तोटा दिसला तर तो निवांत जेवतो. नफा दिसला की मात्र ताट बाजूला सारून आधी बोंड फोडून बघतो.